इस्लामवरचे व्हिडिओ : कुठला खरा, कुठला कापलेला, कुठला शिळा?

रेल्वेफाटक (धागालेखक)

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी एक व्हिडिओ टाकला. पांढऱ्या टोप्या घातलेले काही पुरुष ओळीने बसलेत आणि समोरची ताटं, चमचे चाटतायत. खाली लिहिलं होतं, 'बघा, आजार असे पसरवतात. यांच्या हॉटेलात जेवू नका.'

हा व्हिडिओ मी ओळखला, कारण एप्रिल २०२० मध्ये तो मीच पुढे ढकलला होता. घरात कोंडलेलो, हातात मोबाईल, टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ दिल्लीच्या निझामुद्दीनचं मरकज, म्हणजे तबलिगी जमात या धर्मप्रचारक संघटनेचं मुख्यालय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि भाजी निवडायला बसलो. तासाभराने पाहिलं तर तळमजल्यावरचे बोहरी हार्डवेअरवाले ग्रुप सोडून गेले होते. काही बोलले नाहीत, भांडले नाहीत. नुसती ती करडी ओळ, अमुक यांनी ग्रुप सोडला.

व्हिडिओ २०१८ चा निघाला, म्हणजे करोनाच्या दोन वर्षं आधीचा. त्यातली माणसं दाऊदी बोहरा. त्यांच्यात अन्नाचा दाणाही वाया घालवायचा नाही असा दंडक आहे आणि ते लोक ताटं चाटूनपुसून लख्ख करत होते. आमची आजी ताटात शीत राहिलं तर उठू द्यायची नाही, त्यातलाच प्रकार. एका पंथाची चांगली सवय होती, खालचं वाक्य बदललं आणि तिचं जिहाद झालं.

त्याच आठवड्यात दुसरा एक फिरत होता. पोलिसांच्या गाडीत बसलेला तरुण पोलिसावर थुंकतोय, 'तबलिगी रुग्ण'. तो मुंबईतला, फेब्रुवारी २०२० च्या अखेरचा. कच्चा कैदी होता, घरचा डबा घेऊ दिला नाही म्हणून बिथरला होता. थुंकला हे खरंच. पण तबलिगीही नव्हता आणि करोनाचा रुग्णही नव्हता.

तर प्रश्न असा, की तुम्ही काय करता? मी तेव्हापासून एवढंच करतो : व्हिडिओ थांबवून दोन-तीन ठिकाणचे स्क्रीनशॉट काढायचे, गूगल लेन्सला द्यायचे आणि हाच व्हिडिओ आधी कधी कोणी टाकलाय का ते बघायचं. शिळा माल त्यात लगेच उघडा पडतो. पण ज्यात कोणी नुसतं बोलतंय, आयती (कुराणातली वचनं) सांगतंय, 'संशोधन' सांगतंय, तिथे माझी गाडी अडते.

---

शंकासुर

आला, महिन्याचा पुरोगामी धागा आला. एक व्हिडिओ जुना निघाला म्हणून सगळेच खोटे का? उदयपूरला २८ जून २०२२ रोजी कन्हैयालाल या शिंप्याला दुकानात शिरून मारलं, मारणाऱ्यांनी स्वतःच चित्रण करून टाकलं. तेव्हाही काही लोक पहिल्या तासात 'आधी तपासा' म्हणत होते. तो खरा होता.

---

रेल्वेफाटक

@शंकासुर, होता. आणि तपासला म्हणूनच छातीठोकपणे म्हणता येतं की होता. गाव कळलं, दुकान कळलं, मारणाऱ्यांची नावं कळली, अटक त्याच दिवशी झाली, तपास एनआयएकडे (राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे) गेला. ताटं चाटणाऱ्या व्हिडिओत यातलं काय होतं? गाव नाही, तारीख नाही, हॉटेलचं नाव नाही. 'आधी तपासा' म्हणणं म्हणजे 'खोटं आहे' म्हणणं नव्हे.

---

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणची, कोकणी मुसलमान. धाग्यात एकच बाजू आली आहे म्हणून दुसरी मांडते, कारण आमच्या घरच्या ग्रुपवर वेगळंच पीक येतं.

लहानपणी मामू कुवेतहून व्हिडिओ कॅसेट आणायचा. त्यात असायचं की नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर अजान ऐकली आणि परत येऊन कलमा पढला, म्हणजे मुसलमान झाला. मी शाळेत बाईंना सांगून आले होते, वर्गासमोर! आता कळतं की ही अफवा इतकी पसरली होती की मार्च १९८३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला मुस्लिम देशांतल्या आपल्या वकिलातींना कळवावं लागलं, आर्मस्ट्राँगनी धर्म बदललेला नाही. ते ओहायो राज्यात लेबनॉन नावाच्या गावाजवळ राहायचे. अफवा वाढायला ते नावही पुरलं असावं असं म्हणतात. लेबनॉनला राहतो म्हणजे झालाच की मुसलमान.

दुसरा समुद्राचा. दोन रंगांचं पाणी शेजारी-शेजारी, मध्ये फेसाची रेघ, मागे कुराणातल्या ५५ व्या सूरेतली (अध्यायातली) आयत, 'दोन समुद्र भेटतात, मध्ये पडदा आहे'. 'दोन महासागर मिसळत नाहीत, शास्त्रज्ञ चक्रावले.' त्यात फिरणारा सगळ्यात गाजलेला फोटो २००७ साली केन ब्रुलँड या समुद्रशास्त्रज्ञाने अलास्काच्या आखातात काढलेला आहे. हिमनद्यांचा गाळ घेऊन आलेलं नदीचं पाणी समुद्राच्या पाण्याला भेटतं, म्हणून रंग वेगळा दिसतो. आणि ते मिसळतं, सावकाश. आमच्या दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी पावसाळ्यात या, लाल पाणी आणि हिरवं पाणी फुकटात दाखवते.

त्याच व्हिडिओत पुढे, की हे बघून कुस्तो या फ्रेंच पाणबुड्याने इस्लाम स्वीकारला. कुस्तो १९९७ मध्ये वारले आणि त्यांची अंत्यप्रार्थना पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चमध्ये झाली.

मला राग याचा येतो की माझ्या श्रद्धेला अलास्काच्या फोटोची गरज आहे असं या लोकांना वाटतं. हे मी ग्रुपवर लिहिलं तर मोठ्या चाचींनी मला 'जास्त शिकलेली' म्हटलं. तुमचे काका आणि आमच्या चाची यांची एकदा गाठ घालून द्यायला हवी.

---

लिमलेट

काका-चाची संमेलन चिपळूणला ठेवा. मी मासे खायला येतो.

---

वाशिष्ठीकाठ

@लिमलेट, या. पण माशांवरूनही व्हिडिओ आहेत! उत्तरेकडचे एक मौलाना ठासून सांगतात की कोलंबी मकरूह (टाळावी अशी) आणि तिसऱ्या (शिंपल्या) तर नकोच. ते हनफी. आम्ही कोकणी बहुतेक शाफई, म्हणजे धर्मशास्त्राची शाखाच वेगळी, आमच्यात दोन्ही चालतं, पिढ्यान्‌पिढ्या. आता आमचीच मुलं यूट्यूब बघून आजीला विचारतात, 'हे हलाल आहे का?' म्हणून मी आधी हे बघते की बोलणारा कुठल्या परंपरेतला आहे आणि ते तो स्वतः सांगतो का. 'इस्लाम म्हणतो' असं म्हणून जो सुरू करतो, त्याच्यावर माझा निम्मा विश्वास तिथेच उडतो. कुठला इस्लाम, बाबा? सुन्नी, शिया, बोहरी? देवबंदी की बरेलवी? यांची आपसात मशिदीच्या दारावरून भांडणं आहेत.

---

मस्कतकर

सतरा वर्षं ओमानमध्ये आहे, म्हणून अरबी व्हिडिओंबद्दल थोडं.

खाली येणारी हिंदी-मराठी अक्षरं ही भाषांतर असतातच असं नाही, कित्येकदा ती कुणाची तरी इच्छा असते. मला गावाकडून एक व्हिडिओ आला होता : गोल करून बसलेले दाढीवाले लोक, मध्ये एक जण ओरडतोय, बाकीचे हात वर करतायत. खाली 'हिंदूंविरुद्ध शपथ'. ऑफिसमधल्या ओमानी सहकाऱ्याला दाखवला तर तो खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. बकऱ्यांचा लिलाव होता तो. निझवाला दर शुक्रवारी असाच भरतो, माणसं गोल बसतात, मधून बकऱ्या फिरवतात, भाव ओरडतात. बकऱ्या दिसू नयेत म्हणून व्हिडिओ कापला होता.

आणि 'अल्लाहु अकबर'. हिंदी सिनेमा आणि बातम्यांनी आपल्याकडे त्याचा एकच अर्थ करून ठेवलाय. इथे गोल झाला की म्हणतात, गाडी घसरता घसरता वाचली की म्हणतात, आमच्या बिल्डिंगचा वॉचमन सूर्यग्रहण बघून म्हणाला. आवाजावरून निष्कर्ष काढू नका, चित्रात काय चाललंय ते बघा.

आपल्याकडे अरबी येणारं कोणी ओळखीचं नसेल तर निदान मराठी-हिंदी अक्षरांचा अर्थ झाकून, नुसता व्हिडिओ एकदा बघावा. अक्षरं नसती तर मला यात काय दिसलं असतं?

---

शंकासुर

लिलावाचं पटलं. पण 'जिथे सापडतील तिथे मारा' हे तर कुराणात आहे ना? ९ वी सूरा, ५ वी आयत. त्यात कुठली बकरी कापली?

---

पाटीपेन्सिल

@शंकासुर, प्रश्न योग्य आहे, म्हणून जरा लांबण लावतो. निवृत्त मास्तर आहे, सवय जात नाही.

९:५ मध्ये ते वाक्य आहे, कोणी नाकारू नये. आता बोट न उचलता ९:६ वाचा. त्या अनेकेश्वरवाद्यांपैकी कोणी तुमच्याकडे आश्रय मागितला तर द्या, त्याला अल्लाहचं वचन ऐकू द्या आणि मग त्याला सुरक्षित जागी पोचवा. त्याआधी ९:४ मध्ये ज्यांनी करार पाळला त्यांना वगळलं आहे. म्हणजे करार, करारभंग, लढाई अशी एक विशिष्ट परिस्थिती आहे. ती मान्य करूनही कोणी म्हणेल की मला हे कठोर वाटतं, तर त्याचा तो हक्क आहे. पण मधलीच ओळ उचलून दाखवणारा आपल्याला तो निर्णय घेऊ देत नाही.

दुसऱ्या बाजूचीही तीच कात्री. 'एका माणसाला मारणं म्हणजे साऱ्या मानवजातीला मारणं', प्रत्येक शांतता-व्हिडिओत असतं. ते ५:३२. पूर्ण वाचा : सुरुवात 'आम्ही इस्राएलच्या संततीला आदेश दिला' अशी आहे आणि मध्ये अपवाद आहे, खुनाच्या बदल्यात किंवा पृथ्वीवर उत्पात माजवल्याबद्दल मारलं असेल तर सोडून. आणि लगेच ५:३३ मध्ये अशा उत्पात माजवणाऱ्यांना सुळी देण्यापासून हातपाय तोडण्यापर्यंतच्या शिक्षा आहेत. ती ओळ शांतता-व्हिडिओत कधी येत नाही. म्हणून माझा नियम सोपा आहे, आयतीचा क्रमांक दिला असेल तर पुढची-मागची पाच-पाच वाक्यं उघडायची. मराठीत कुराणाची भाषांतरं आहेत, विनोबांनी तर त्यासाठी अरबी शिकून निवडक कुराण काढलं. क्रमांकच दिला नसेल तर व्हिडिओ बंद.

क्रमांक दिला म्हणूनही भुलू नका. काही वक्ते अध्याय, श्लोक, पान इतक्या झपाट्याने म्हणतात की ऐकणाऱ्याला तोच पुरावा वाटतो. त्या वेगात तपासणं कोणालाच शक्य नसतं.

एक आपल्या घरचं उदाहरण. 'भविष्यपुराणात महंमदांचं भाकीत आहे' हा व्हिडिओ इस्लामचे प्रचारक चालवतात. प्रतिसर्गपर्वात 'महामद इति ख्यातः' असा श्लोक खरोखर आहे. पण त्याच्या पुढचे श्लोक वाचले तर त्या महामदाचं वर्णन पैशाच (पिशाच्चांचा) धर्म स्थापन करणारा असं आहे! ते प्रचारक गाळतात. आणि आता गंमत, तेच गाळलेले श्लोक घेऊन उलट्या बाजूने व्हिडिओ बनतात, 'आपल्या ऋषींनी आधीच ओळखलं होतं'. दोघंही एक गोष्ट सांगत नाहीत, की याच पर्वात अकबरापासून इंग्रजांच्या राज्यापर्यंत सगळं येतं, विक्टोरिया राणीसकट. एवढं 'अचूक' भाकीत कोणत्या शतकात बसून लिहिलं असेल, हे सांगायला ऋषी लागत नाही.

---

बोरूबहाद्दर

मास्तर, हदीसचं काय? व्हिडिओत निम्मं 'हदीसमध्ये आहे' असतं.

---

पाटीपेन्सिल

@बोरूबहाद्दर, तिथेच खरी मौज आहे. हदीस म्हणजे पैगंबरांचं बोलणं-वागणं, ऐकीव. दोन-अडीचशे वर्षांत इतकी बनावट वचनं तयार झाली की ती चाळायचं एक शास्त्रच उभं राहिलं. वचनाचे दोन भाग मानले : मतन म्हणजे मजकूर आणि सनद म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं त्याची साखळी. 'मला अमक्याने सांगितलं, त्याला तमक्याने' अशी थेट वरपर्यंत. मग त्या प्रत्येक माणसाची चौकशी : तो खरा बोलायचा का, स्मरणशक्ती कशी होती, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो तो त्या काळात हयात तरी होता का, दोघं भेटले असतील का. या माणसांच्या चरित्रांचे खंडच्या खंड आहेत. त्यावरून दर्जा ठरतो, सहीह, हसन, जईफ आणि मौजू. मौजू म्हणजे सरळ बनावट.

गोड वचनंही त्यांनी सोडली नाहीत. 'ज्ञानासाठी चीनला जावं लागलं तरी जा' हे आपल्याकडे प्रत्येक शैक्षणिक समारंभात म्हणतात, हदीसतज्ज्ञ त्याला दुबळं किंवा बनावट ठरवतात. 'देशप्रेम हा श्रद्धेचा भाग आहे' याचीही तीच गत. ऐकायला चांगलं आहे म्हणून पास केलं नाही.

नवव्या शतकातल्या इमाम मुस्लिम यांच्या हदीससंग्रहाच्या प्रस्तावनेत एक वचन आहे : ऐकलेलं सगळं सांगत सुटणं एवढंच माणूस खोटा ठरायला पुरे. कुराणातही ४९:६ मध्ये आहे की बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर खातरजमा करा, नाहीतर अजाणता कुणाचं नुकसान कराल आणि मग पस्तावाल. रेल्वेफाटक यांच्या हार्डवेअरवाल्या शेजाऱ्यांना ही आयत पाठ असणार.

मी व्हॉट्सअ‍ॅपवर तीच साखळी विचारतो. तुला कोणी पाठवला? त्याला कोणी? चित्रण करणारा कोण? बहुतेक वेळा दुसऱ्याच कडीला साखळी तुटते. 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' असं ज्याच्या माथ्यावर आहे, त्याला बाप नाही.

---

शंकासुर

मास्तर, ५:३३ चं तुम्ही स्वतःहून सांगितलंत म्हणून पुढे वाचतोय. नाहीतर उठणार होतो.

---

बिनसाखरेचा

आकड्यांच्या व्हिडिओंवर कोणीच बोललं नाही. २००९ साली एक इंग्रजी व्हिडिओ आला होता, लोकसंख्येवर, यूट्यूबवर लाखोंनी बघितला. गंभीर आवाज, नकाशे, आलेख. त्यात होतं की फ्रान्समध्ये मुस्लिम कुटुंबांत सरासरी ८.१ मुलं. बीबीसीने त्याच वर्षी त्यातले आकडे तपासले, तर या ८.१ ला आधारच सापडेना. फ्रान्सचं सरकार जनगणनेत धर्म विचारतच नाही! जो आकडा कुणी मोजलेलाच नाही, तो दशांशासकट छापला. दशांश चिन्ह दिसलं की आपल्याला वाटतं कुणीतरी मोजलं असणार.

आपल्याकडचे आकडे तर उघडे पडलेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण : १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रीमागे ४.४१ मुलं, हिंदू स्त्रीमागे ३.३०. २०१९-२१ मध्ये २.३६ आणि १.९४. फरक आहेच. पण दोन्ही उतरले आणि मुस्लिमांचा जास्त वेगाने उतरला. भीतीच्या व्हिडिओत फक्त १९९२ चा आकडा येतो. 'काही फरकच नाही' म्हणणाऱ्या व्हिडिओत एकही येत नाही.

---

मस्कतकर

अवांतर : 'फतवा निघाला' हाही एक प्रकार. फतवा म्हणजे कोणी विचारलेल्या प्रश्नावर मुफ्तीने (इस्लामी कायद्याच्या जाणकाराने) दिलेलं मत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये स्पष्ट केलंय की त्याला कायद्याचं बळ नाही. पण टीव्हीवर तो हुकूमनाम्यासारखा वाचतात. मत देणाऱ्याचं नाव, मदरसा, तारीख विचारा, पुष्कळदा गल्लीतला कुणीतरी निघतो, ज्याला मायक्रोफोन मिळाला.

---

लिमलेट

एक्स-मुस्लिम चॅनेलवाल्यांचं काय करायचं? मला त्यांचं ऐकायला आवडतं. खोटं का बोलतील?

---

वाशिष्ठीकाठ

@लिमलेट, खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. घरात काय सोसलं ते त्यांनी सांगितलं तर मी मान खाली घालून ऐकते. पण तोच माणूस पुढच्या व्हिडिओत सातव्या शतकाचा इतिहास सांगायला लागला, तर त्याला तोच प्रश्न, कुठून घेतलंस? सोसल्यामुळे इतिहास येत नाही. आणि टीका करायला धर्म सोडावाच लागतो असंही नाही. समाजसुधारक हमीद दलवाई आमच्या चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १९६६ मध्ये सात बायकांना घेऊन तलाकविरुद्ध मोर्चा काढला, तेव्हा यूट्यूब नव्हतं, दगड होते.

---

संपादक मंडळ

दोन प्रतिसाद उडवले आहेत. 'तुम्ही लोक' असा शब्दप्रयोग टाळावा.

---

बोरूबहाद्दर

तबलिगींवरून एक आठवलं. त्या वेळी अहमदनगर जिल्ह्यात परदेशी तबलिगींवर गुन्हे दाखल झाले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असं म्हटलं आणि माध्यमांमधल्या मोठ्या प्रचारावरही ताशेरे ओढले. निकालाची बातमी माझ्या किती ग्रुपवर आली? एकाही नाही. ताटं मात्र सगळीकडे पोचली होती.

---

रेल्वेफाटक

मास्तर, वाशिष्ठीकाठ, सगळ्यांचे आभार. मधल्या काळात काकांना फोन केला. ग्रुपवर त्यांना खोटं पाडलं असतं तर दिवाळीपर्यंत बोलले नसते.

२०१८ चा आहे म्हटलं तर 'असेल, पण हा नाही तर दुसरा असेल' असं उत्तर आलं. मग मी साखळी विचारली. त्यांना बँकेतल्या जुन्या मित्राने पाठवला, त्याला मुलाने, मुलाला कुठल्या तरी ग्रुपवर आला. तिथे संपलं. मग म्हटलं, काका, ती माणसं बोहरी आहेत. तिकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, 'सिद्धपूरचे का रे? आमच्या दाहोदच्या ब्रँचला एक बोहरी खातेदार होते. घरी जेवायला नेलं होतं. एकच मोठा थाळ, सगळे भोवती, आणि आधी चिमूटभर मीठ चाखायचं. मी भात टाकला तर म्हातारीने माझ्याकडे असं बघितलं...'

व्हिडिओ अजून ग्रुपवरच आहे. काढून टाकायचा कसा ते त्यांना येत नाही म्हणतात. रविवारी जाऊन दाखवतो.

---

लिमलेट

'डिलीट फॉर एव्हरीवन'ची मुदत संपली असेल आता.

---

रेल्वेफाटक

@लिमलेट, हो, तेही लक्षात आलं. काकांना म्हटलं, मग खाली एक ओळ लिहा. 'काय लिहू?' म्हणाले. दाहोदचं लिहा म्हटलं. विचार करतायत.